सलाईनमधलं मीठ आणि डॉक्टरांचा हातगुण

"डॉक्टर, अंग फार मोडून आलंय, एक सलाईन लावाच." तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसलात, तर हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. बाटली लागते, थेंबथेंब उतरते. तासाभराने बाई उठून बसतात, पदर सारखा करतात आणि म्हणतात, "आता जरा हलकं वाटतंय." त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडं कमीच. बाकी सगळं पाणी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाला हेच मीठपाणी जगवतं, ते वेगळं. पण घरून नीट खाऊनपिऊन आलेल्या बाईंची कंबर मिठाच्या पाण्याने का मोकळी व्हावी?

बाई खोटं बोलत नसतात, आणि डॉक्टर नेहमीच फसवत असतात असंही नाही. मधे जे घडतं त्याला वैद्यकात 'प्लासिबो' परिणाम म्हणतात. शब्द लॅटिन आहे, अर्थ 'मी खूश करीन'. ज्यात औषधच नाही अशी गोळी, इंजेक्शन किंवा उपचार आणि तरी पडलेला उतार, असा त्याचा रूढ अर्थ. आपल्याकडे मात्र यासाठी जास्त नेमकी बोली आहे. आपण "गुण आला" म्हणतो, आणि गोळीचं नाव न घेता "त्यांच्या हाताला गुण आहे" असंही म्हणतो. गोळीचा गुण आणि हाताचा गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बोलण्यात गृहीत धरलेलं आहे.

या लेखात सांगायचं आहे ते हे : दुखण्यावर हा दुसरा गुण खरा असतो, आणि तो मिळवायला खोट्या गोळीची गरज नसते. तुम्ही आज जी खरी गोळी घेताय तिच्याबरोबरच तो मिळतो. बऱ्याचदा आपणच तो वाया घालवतो.

'मनाचं आहे' म्हणण्याआधी

घरात कुणाला साध्या गोळीने बरं वाटलं की लगेच शेरा येतो, "बघ, मनाचंच होतं." हा शेरा मारण्याआधी एक प्रयोग लक्षात ठेवा. 1978 साली कॅलिफोर्नियात जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. दाढ काढल्यावरचा ठणका काय असतो हे ज्याचं त्यालाच माहीत. प्लासिबो दिल्यावर काहींचा ठणका खरंच कमी झाला. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनसारख्या अफूजन्य औषधांचा परिणाम रोखतं. ते दिल्यावर उतरलेलं दुखणं परत वर आलं. म्हणजे मीठपाण्यावर बरं वाटलेल्या माणसाच्या मेंदूने स्वतःचंच अफूसारखं रसायन सोडलं होतं. पुढे 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मज्जारज्जूचे स्कॅन काढून दाखवलं की आराम पडेल अशी अपेक्षा असताना वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचण्याआधी, खाली मज्जारज्जूतच मंदावतो.

तेव्हा सलाईनने बरं वाटलं म्हणून दुखणं नाटकी ठरत नाही. सुनेच्या डोकेदुखीबद्दल बोलताना सासरच्यांनी हे विशेष ध्यानात धरावं.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने 1955 मध्ये 15 अभ्यास एकत्र करून सांगितलं की सरासरी 35 टक्के रुग्णांना प्लासिबोने गुण येतो. हा आकडा पुढे कितीतरी वर्षं जिथे तिथे छापून आला. नंतर तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं की त्यात आपोआप बरे झालेलेही धरले होते. दुखणं लाटेसारखं चढतं-उतरतं. आपण डॉक्टरकडे, वैद्याकडे नाहीतर मालीशवाल्याकडे जातो ते लाट शिगेला असताना, आणि त्यानंतर ती उतरणारच असते. ज्याच्या दारात असताना उतरली त्याच्या नावावर गुण जमा. 2001 मध्ये कोपनहेगनच्या दोन संशोधकांनी शंभरावर चाचण्या पडताळल्या. बहुतेक आजारांत प्लासिबोचा फारसा परिणाम त्यांना दिसला नाही. पण वेदनेत मात्र थोडा का होईना, दिसला.

म्हणून जुनं दुखणं असेल तर कॅलेंडरच्या चौकटीत रोज एक आकडा लिहा, शून्य ते दहा. नवा उपचार सुरू करण्याआधीचे दोन आठवडेही त्यात असू द्या. महिन्याने तो कागद पाहिलात की कुठला गुण औषधाचा आणि कुठला नुसता लाटेचा, याचा बराच अंदाज येतो. दूधवाल्याचा हिशेब आपण ठेवतोच की.

गोळी डोळ्यांदेखत घ्या

इटलीतल्या तुरीनचे फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर एक साधी पण विलक्षण तुलना केली. काहींना नर्स किंवा डॉक्टर समोर येऊन सांगून वेदनाशामक देत. काहींना तेच औषध, तेवढंच, न सांगता यंत्राने नळीतून सोडलं जाई. न सांगता दिलेल्यांना तेवढाच आराम पडायला जास्त औषध लागलं.

याहून बोलका प्रयोग उलरिके बिंगेल आणि आयरीन ट्रेसी यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केला. 22 धडधाकट माणसांच्या पायाला सोसवेल इतका चटका देऊन त्यांना रेमिफेंटानिल हे जबर वेदनाशामक शिरेतून चालू ठेवलं. आधी न सांगता : थोडा आराम. मग "आता औषध सुरू करतोय" असं सांगून : आराम जवळजवळ दुप्पट. आणि शेवटी "औषध बंद केलंय, आता दुखणं वाढू शकतं" असं सांगून, औषध तसंच चालू असताना : आराम जवळपास नाहीसा. थेंब तेच, गती तीच, बदललं ते फक्त वाक्य.

आता आपल्या घरातलं चित्र आठवा. मोबाईलवर बोलताबोलता गोळी तोंडात टाकतो, पाण्याचा घोट, पुन्हा मोबाईल. तासाभराने "घेतली का मी?" म्हणून पाकीट चाचपतो. तेव्हा एवढं करा. दुखण्याची गोळी घेताना दोन मिनिटं बसा. ती कशाची आहे आणि साधारण किती वेळात काम करू लागते हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना अर्ध्या-एक तासात जाणवते. घड्याळाकडे पाहा आणि तेवढा वेळ तिला द्या. दहाव्या मिनिटाला "काही फरक नाही" म्हणत दुसरी गोळी शोधणं सोडा. त्याने गुण तर जातोच, वर पॅरासिटामॉलचा दिवसाचा हिशेब चुकून यकृतावर बेतण्याचा धोका येतो.

आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्यांसाठी : झोपेत असलेल्या आजोबांच्या तोंडात गोळी सारू नका, भातात कालवून देऊ नका. "आजोबा, ही गुडघ्याची गोळी. जेवण होईतो ठणका कमी व्हायला लागेल," असं सांगून द्या. इस्पितळात सिस्टर नळीत काही सोडत असतील तर "हे कशाचं?" असं रुग्णाच्या कानावर पडेल असं विचारा.

इथे एक अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसात ही अपेक्षेची यंत्रणाच मोडकळीला येते. बेनेदेत्तींच्या गटाने 2006 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांत हे दाखवलं. मेंदूच्या पुढच्या भागाचे दुवे तुटले की सांगून दिलेलं आणि न सांगता दिलेलं औषध यांतला फरक उरत नाही. म्हणजे अशा आजीला नेहमीचा डोस कमी पडत असू शकतो, आणि तिला ते सांगताही येत नाही. कपाळाच्या आठ्या, उठवताना आवळलेल्या मुठी, जेवण टाकणं यांवर नजर ठेवा आणि डॉक्टरांना तेच सांगा. डोस मात्र आपल्या मनाने वाढवू नका.

शब्दही दुखवतात

या नाण्याची दुसरी बाजू म्हणजे 'नोसिबो' : वाईट होणार असं मनात बसलं की खरंच जास्त दुखतं. बोस्टनमध्ये बाळंतपणासाठी आलेल्या 140 जणींवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीत भूल देण्याआधी जागा बधिर करणारी सुई टोचताना निम्म्या जणींना सांगितलं, "जागा बधिर होईल आणि पुढे तुम्हाला त्रास होणार नाही." उरलेल्यांना, "मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग." सुई तीच. दहापैकी दुखण्याचा आकडा पहिल्या गटात 3, दुसऱ्यात 5.

लहान मुलाला लस टोचायला नेताना रस्ताभर "दुखणार नाही हं, अजिबात दुखणार नाही" म्हणणारे आईबाबा याच वाटेवर असतात, कारण मुलाच्या कानात तेवढं 'दुखणार' शिरतं. त्यापेक्षा "एवढंसं टोचेल, पाच आकडे मोजेपर्यंत संपेल, मोजूया?" म्हणा. आणि पडलेल्या पोराचा गुडघा चोळून फुंकर घालणं, "मुंगी मेली बघ" म्हणणं खुशाल चालू ठेवा. त्यातलं चोळणं तर प्लासिबोसुद्धा नाही. स्पर्शाचे निरोप वेदनेच्या निरोपांची वाट अडवतात, ही मेल्झॅक आणि वॉल यांची 1965 सालची मांडणी आहे.

मोठ्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान करणारे शब्द मात्र तपासणीच्या कागदावर असतात. काही वर्षांपूर्वी माझ्या कमरेत उसण भरली. एमआरआय काढला. रिपोर्ट हातात देणारा मुलगा वर न बघताच म्हणाला, "काका, मणक्याची पार वाट लागलीये." त्यानंतर दोन महिने मी घरात खुर्च्या धरून चाललो. वाकून चप्पल घालायची हिंमत होईना. तोवर चार जणांनी 'मणक्यात गॅप' असलेल्या आपापल्या मेहुण्यांच्या कथा ऐकवल्या होत्या. नंतर वाचनात आलं ते हे : पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3,110 लोकांच्या स्कॅनचा आढावा 2015 मध्ये घेतला गेला. त्यात पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. विशीतल्याही 37 टक्के. केस पिकावेत तसं हे आहे. माझी झीज आजही आहे, आणि चप्पल वाकूनच घालतो.

तुमच्या रिपोर्टवर 'झीज' लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारा : "माझ्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसाच्या स्कॅनमध्येही हे दिसलं असतं का?" 'गुडघ्यातलं ग्रीस संपलंय', 'हाड हाडाला घासतंय' असल्या उपमा जो कुणी देईल, त्याला हसून विषय बदला.

औषधाच्या डब्यातल्या चिठोऱ्याचंही तसंच. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखतं म्हणून त्या सोडलेल्या 60 जणांना लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या : चारांत स्टॅटिन, चारांत दिसायला तशाच औषधहीन गोळ्या, चार रिकाम्या. 2020 मध्ये निकाल आला. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्याच्या 90 टक्के त्रास औषधहीन गोळ्यांच्या महिन्यांतही झाला होता. निकाल कळल्यावर निम्म्यांनी गोळी परत सुरू केली. याचा अर्थ दुष्परिणाम थोतांड असतात असा नाही. पण गोळी स्वतःहून बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि दुष्परिणाम विचारताना "किती जणांना होत नाही?" हेही विचारा.

किंमत, सुई आणि दुर्बीण

2008 मध्ये अमेरिकेत 82 जणांना विजेचे हलके झटके देऊन एक 'नवी वेदनाशामक गोळी' दिली गेली. निम्म्यांना किंमत सांगितली अडीच डॉलर, निम्म्यांना दहा सेंट. गोळीत काहीच नव्हतं. महागवाल्यांपैकी 85 टक्के म्हणाले दुखणं कमी झालं, स्वस्तवाल्यांपैकी 61 टक्के. जनऔषधी केंद्रातली गोळी 'लागू पडत नाही' अशी तक्रार कधीमधी ऐकू येते, तिची एक मेख इथे आहे. उपाय साधा आहे. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवा आणि ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखालचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहा. शंका असली तर दुकानातल्या फार्मासिस्टकडून खात्री करून घ्या. जुळलं की पुढे पैसे कशासाठी द्यायचे?

सुईचा गुण गोळीपेक्षा जास्त वाटतो हे खरं आहे. उपचाराचा थाट जितका मोठा, तितकी अपेक्षा मोठी. याचं टोक पाहायचं तर ह्यूस्टनचा 2002 मधला अभ्यास. गुडघ्याच्या संधिवाताच्या 180 रुग्णांपैकी काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई केली, काहींच्या नुसत्या कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनीही दोन्ही गटांत फरक नव्हता. हे झिजेच्या गुडघ्याबद्दल आहे, खेळताना लिगामेंट तुटलेल्यांबद्दल नाही. पण थाटाची किंमत असते. नको असलेल्या प्रत्येक टोचणीत गळू होण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका असतो, बिल असतं. डॉक्टरांनी "इंजेक्शनची गरज नाही" म्हटलं तर हट्ट धरू नका. ते गुण लपवून ठेवत नाहीयेत.

माहीत असूनही?

सगळं कळल्यावर ही जादू संपेल असं वाटेल. पण संशोधक टेड कॅप्चुक यांनी 2010 मध्ये आतड्यांच्या जुन्या त्रासाच्या 80 रुग्णांना तीन आठवडे स्पष्ट सांगून औषधहीन गोळ्या दिल्या, बाटलीवर 'प्लासिबो' लिहून. 59 टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात 35 टक्के. लिस्बनमध्ये 2016 ला जुन्या कंबरदुखीवरही असाच निकाल आला. हे अभ्यास लहान आहेत, रुग्णांना या परिणामाबद्दल आधी समजावून सांगितलेलं होतं, आणि म्हणून साखरेच्या गोळ्या आणून घरी ठेवा असं मी म्हणणार नाही. पण रात्रीची गरम पाण्याची पिशवी, तेल चोळणं, ठरल्या वेळेचा व्यायाम हे 'नुसतं समाधान' आहे असं वाटत असलं तरी सोडू नका. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, दर वेळी तसंच करा. शरीर सवयीने शिकतं.

जिथे बरं वाटणं घातक

2011 च्या एका अभ्यासात दम्याच्या रुग्णांना खरा पंप, खोटा पंप आणि खोटं अॅक्युपंक्चर आलटून पालटून दिलं. बरं तिन्हींनी सारखंच वाटलं. फुफ्फुसाची ताकद मात्र खऱ्या पंपाने 20 टक्के वाढली, बाकीच्यांनी सुमारे 7, म्हणजे काहीच न दिल्याइतकीच. प्लासिबो जाणीव बदलतो, श्वासनळी उघडत नाही. गाठ विरघळवत नाही, रक्तवाहिनीतली गुठळी हटवत नाही.

म्हणून छातीत दडपण येऊन घाम फुटणं, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक डोकेदुखी, कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा मांड्यांमधली जागा बधिर होणं, पायातली शक्ती जाणं, दुखण्याबरोबर ताप किंवा विनाकारण घटणारं वजन : यांत चोळत, फुंकत, वाट पाहत बसू नका. मधुमेह्यांनी तर छातीतल्या बारीकशा अस्वस्थतेलाही हलकं घेऊ नये.

आणि एक. सांधेदुखीची बिनलेबलाची पुडी घेऊन दोन दिवसांत उड्या मारायला लागलात, तर तो प्लासिबो नसण्याची शक्यता जास्त. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकतं. घेत असाल तर लाजू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा.

हाताचा गुण मागून घ्यायचा

कॅप्चुक यांच्याच 2008 च्या अभ्यासात आतड्यांच्या त्रासाचे 262 रुग्ण होते. एका गटाला नुसतं थांबायला सांगितलं : 28 टक्क्यांना आराम. दुसऱ्याला खोटं अॅक्युपंक्चर, पण फारसं न बोलता : 44 टक्के. तिसऱ्याला तेच खोटं अॅक्युपंक्चर, पण पहिल्या भेटीत पाऊण तास बसून, विचारपूस करून, आस्थेने : 62 टक्के. हातगुणाला आकडा लावायचा तर तो हा.

आपल्या ओपीडीत पाऊण तास कुठून येणार? बाहेर साठ माणसं बसलेली असतात. मग आपल्या वाट्याची दोन-तीन मिनिटं नीट वापरायची. दुखणं कुठे, कधीपासून, कशाने वाढतं हे आदल्या रात्री चार ओळींत लिहून न्या. कॅलेंडरवर लिहिलेले आकडे दाखवा. आधी कुठल्या औषधाने गुण आला होता तेही सांगा, आपण फक्त न आलेल्यांची यादी वाचतो. सोबत आलेल्या मेहुण्याला बोलू देऊ नका. आणि उठण्याआधी दोन प्रश्न विचारा : "ही गोळी नेमकं काय करेल?" आणि "मला फरक कधी जाणवायला लागेल?" उत्तर देताना डॉक्टर मान वर करून तुमच्याकडे बघतील.